तलवार आणि कारागीर

युरोपातील तलवार म्हटली की सरदारच डोळ्यांपुढे उभा राहतो. पण १५७० साली स्ट्रासबुर्ग येथे खड्गविद्येवर सचित्र ग्रंथ छापणारा योआखिम मायर हा सुऱ्या घडविणारा कारागीर होता! जर्मन आखाड्यांत दुहाती तलवारीने भोसकणे वर्ज्य झाले होते, असे तो सांगतो. सकाळी कामावर जाणाऱ्याचा डोळा शाबूत हवा, हे आम्हां कामगारांना कोणी समजावून द्यावे लागत नाही. ग्रंथाने त्याला कर्जात लोटले. नोकरीसाठी तो श्वेरीनला गेला आणि १५७१ च्या फेब्रुवारीत तेथेच वारला. देणे विधवेच्या गळ्यात पडले. आज अभ्यासक मुखवटे चढवून, बोथट पोलादी तलवारींनी त्याचे डाव पडताळतात. एखादे वाक्य अडले की पाऊल बदलून तो डाव पुन्हा करून पाहतात.