रोजच्या संसारातील चपळ डिझेल मोटार



वसंत व्याख्यानमालेत मोटारीवर बोलावे, हे आपणांपैकी काहींना थोडे चमत्कारिक वाटेल. परंतु नांदेड-लातूरकडील मध्यमवर्गीय कुटुंबात घराच्या खालोखाल पैसा कशात गुंतत असेल, तर तो मोटारीत. आणि घरातील माणसांचा जीव आपण रोज ज्या वस्तूच्या हवाली करतो, तीही मोटारच. तेव्हा तिचा विचार चारचौघांत व्हायला हरकत नसावी. आमच्यापुरते म्हणाल, तर हा विचार आम्हांला टाळता येईनासा झाला आहे. आमचे चिरंजीव यंदा अठरा वर्षांचे झाले, परवाना हाती आला, आणि त्यांनी गाडीची किल्ली मागितली. किल्ली द्यायची की नाही हे ठरवण्यापूर्वी आपल्या दारात उभे असलेले हे प्रकरण आहे तरी काय, हे आधी आपणच नीट समजून घ्यावे, असे आम्हांला वाटले.

आमची गाडी ‘हॅचबॅक’ जातीची आहे. म्हणजे बांधा आखूड, मागे वेगळी पेटीसारखी डिकी नाही, मागचे दारच वर उघडते. मात्र या आखूड अंगात इंजिन बसवले आहे ते चांगले दणकट डिझेलचे. अशा गाड्यांची एक पिढीच आपल्या महाराष्ट्रात तयार झाली. चाकण येथील फोक्सवागनचा कारखाना २००९ साली सुरू झाला. तेथे बनणाऱ्या पोलो गाडीची ‘जीटी टीडीआय’ ही आवृत्ती २०१३ साली निघाली. १.६ लिटरचे इंजिन, १०५ अश्वशक्ती आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क, असा तिचा थाट होता. रांजणगावच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाट पुंटोलाही असेच एक जोरदार डिझेल इंजिन मिळत असे. पुढे १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे कडक नियम आले. ते पाळण्यासाठी लागणारी यंत्रसामग्री लहान गाडीच्या किमतीत बसेना, म्हणून बहुतेक कंपन्यांनी लहान मोटारींतून डिझेल इंजिन काढून टाकले. पोलोचे उत्पादनही २०२२ साली थांबले. आज अशी गाडी हवी असेल तर बहुधा जुन्या बाजारातच शोधावी लागते. आमची गाडी याच पिढीतली आहे. तिचे नाव मात्र आम्ही सांगत नाही. कारण जाहिरात करणे किंवा गाऱ्हाणे मांडणे, यांपैकी कोणताच आमचा हेतू नाही.

डिझेल इंजिनाशी मराठवाड्याची ओळख जुनी आहे. वीज येण्यापूर्वी विहिरीवर टकटक करीत पाणी उपसणारे इंजिन आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने हे यंत्र १८९७ साली यशस्वीपणे चालवून दाखवले. त्याचे मर्म असे की, यात ठिणगी लागत नाही. सिलिंडरमधील हवा मूळ आकाराच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्शाइतकी दाबली जाते. इतकी दाबलेली हवा एवढी तापते की, तीत डिझेलचा फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते. या जबर दाबामुळे तेलातील उष्णतेचा अधिक भाग कामी येतो, आणि म्हणून लिटरमागे गाडी अधिक अंतर कापते.

आता टॉर्क म्हणजे काय? चाक फिरवणारा जो पीळ, तो टॉर्क. अश्वशक्ती ही त्या पिळाला फिरण्याच्या वेगाची जोड मिळून होते. बैल आणि घोडा यांची उपमा घेतली तर समजायला सोपे जाईल. बैल सावकाश चालतो, पण चिखलातून गाडी ओढून काढतो. घोडा हलक्या टांग्याला जुंपला की धावतो. १.२ लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाचा टॉर्क ११० ते ११५ न्यूटन-मीटर असतो. वर सांगितलेल्या डिझेल इंजिनाचा त्याच्या दुपटीहून अधिक. बैलाला घोड्याची धाव दिल्यासारखा हा प्रकार आहे.

पण ही धाव बैलाच्या अंगची नव्हे. ती ‘टर्बो’ची देणगी आहे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक चिमुकला पंखा फिरवतो, आणि तो पंखा अधिक हवा आत कोंबतो. इंजिनाचे फेरे मिनिटाला पंधराशे-अठराशेच्या खाली असले, म्हणजे धूर पुरेसा नसतो, पंखा मंद असतो आणि गाडी सुस्त असते. त्याच्या वर गेले की गाडी एकदम उसळते. पाय दाबल्यापासून गाडी उसळेपर्यंत जो क्षण-दोन क्षणांचा अवकाश जातो, तो श्रोत्यांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

प्रथम खर्चाचे पाहू. हिशोबापुरते असे धरू की, डिझेल ९२ रुपये लिटर आणि गाडी लिटरला १८ किलोमीटर धावते. पेट्रोल १०६ रुपये आणि पेट्रोलची गाडी १४ किलोमीटर धावते. किलोमीटरमागे बचत सुमारे अडीच रुपये झाली. डिझेल गाडीला सुरुवातीला दीड लाख रुपये अधिक पडले असतील, तर ते वसूल व्हायला ६०,००० किलोमीटर धावावे लागेल. वर्षाला २०,००० किलोमीटर फिरणाऱ्याला तीन वर्षे पुरतील. गंजगोलाईपासून औसा रोडपर्यंतच ज्याचे जाणे-येणे, आणि वर्षाला जो जेमतेम ४,००० किलोमीटर फिरतो, त्याला पंधरा वर्षे लागतील. म्हणजे गाडीच्या नोंदणीची पहिली मुदत संपेल आणि बचत तेव्हा कोठे सुरू होईल! शिवाय २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलच्या दरावरील सरकारी नियंत्रण उठले, आणि पूर्वीचा स्वस्तपणा पुष्कळसा ओसरला, हेही विसरून चालणार नाही.

खर्चाइतकीच प्रकृतीचीही गोष्ट आहे. मुलाला ट्यूशन एरियात सोडले, भाजी घेतली, घरी आलो, अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत डिझेल इंजिन धड तापतही नाही. अर्धवट जळलेल्या तेलाची काजळी आतल्या मार्गांत साचत जाते. २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. तीही लांबच्या सलग प्रवासात तापली तरच स्वच्छ होते. नांदेडचे एक वयोवृद्ध मिस्त्री आम्हांला म्हणाले, “साहेब, हप्त्यातून एकदा तरी हिला लांब काढत जा. गोठ्यात बांधून ठेवलेला बैल कामाचा राहत नसतो.” आम्ही नोकरीनिमित्त लातूरला आणि आमच्या मातुश्री नांदेडला, मध्ये चाकूर, अहमदपूर, लोहा असे सुमारे १४० किलोमीटर अंतर. ते दर आठवड्याला कापावे लागते, म्हणूनच ही गाडी आमच्याकडे टिकली.

मातुश्रींचे मत मात्र वेगळे आहे. चपळ गाडी वळणावर झुकू नये म्हणून तिच्या स्प्रिंगा कडक ठेवतात आणि टायरच्या बाजू आखूड. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता काही वर्षांत लाटांसारखा होतो. त्या लाटांवरून कडक स्प्रिंगांची गाडी गेली की मागे बसलेल्याची हाडे खिळखिळी होतात. “बापू, तुझ्या गाडीत बसलं की माझी सगळी हाडं मोजून होतात बघ,” असे मातुश्री म्हणतात. त्यावर आमच्यापाशी उत्तर नाही. टायरमधील हवा कंपनीने सांगितली तेवढीच ठेवणे आणि खड्डा दिसला की वेग कमी करणे, एवढेच आमच्या हाती आहे.

आता मघाचा तो क्षण-दोन क्षणांचा अवकाश. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. उसाचा हंगाम होता. मातुश्रींची प्रकृती बिघडल्याचा फोन आला, म्हणून आम्ही दिवेलागणीला लातूरहून निघालो. अहमदपूर सोडल्यावर पुढे उसाचा ट्रॅक्टर लागला. मागे दोन ट्रॉल्या, आणि एकीलाही दिवा नाही. रस्ता तेव्हा दुपदरी होता. समोरून एकच दिवा येत होता. मोटारसायकल असेल असे समजून, आणि खरे सांगायचे तर आपल्या इंजिनाच्या जोरावर भिस्त ठेवून, आम्ही गाडी बाहेर काढली. ट्रॅक्टरच्या मागे वीस-पंचवीसच्या वेगाने येताना गाडी तिसऱ्या गिअरमध्ये होती. पाय दाबला, इंजिन गप्प. समोरचा दिवा मोटारसायकलचा नव्हता, एका दिव्याने चालणाऱ्या ट्रकचा होता. ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात २२ मीटर जवळ येते. इंजिनाने उसळी घेईपर्यंतच्या दोन सेकंदांत ट्रक चाळीस-पंचेचाळीस मीटर पुढे आला. मग गाडी उसळली, आणि आम्ही हातभर अंतराने वाचलो. लोह्याला पोहोचल्यावर गाडी बाजूस घेऊन कितीतरी वेळ आम्ही नुसते बसून होतो.

त्या रात्री गाडीने आम्हांला वाचवले, असे सांगण्याचा मोह होतो. परंतु ते खरे नव्हे. इंजिनात एवढी ताकद आहे हे ठाऊक नसते, तर आम्ही गाडी बाहेर काढलीच नसती. इंजिनाचा दोष म्हणावा, तर तोही नाही. त्याने आपल्या धर्माप्रमाणेच केले. चूक आमची. दुसऱ्या गिअरवर येऊन, फेरे आधी वाढवून, समोरचा रस्ता मोकळा दिसेपर्यंत थांबायला हवे होते. आता आम्ही तसेच करतो. चपळ गाडीची ताकद रोजच्या व्यवहारात शंभरातून नव्वद वेळा न वापरण्यासाठीच असते, ही गोष्ट आम्हांला विक्रेत्याने सांगितली नव्हती.

चौपदरीकरणाने या मार्गाचे रूप आता पालटत आले आहे. तरी ऊस आहे, दिव्यांवाचून चालणाऱ्या ट्रॉल्या आहेत, आणि अठरा वर्षांचे वयही आहे.

तेव्हा किल्लीचा निर्णय आम्ही असा केला आहे. पहिले सहा महिने गाडी आमच्या शेजारी बसून चालवायची, आणि तीही दिवसा. गाडीचे तेल, टायर, हवा यांची देखभाल त्यानेच पाहायची. आणि नांदेडहून येताना आजी मागे बसलेली असेल. तिने हाडे मोजली, तर त्या आठवड्यापुरती किल्ली परत. चिरंजीवांना ही शेवटची अट फारशी रुचलेली नाही. आजीला मात्र ती पूर्णपणे मान्य आहे.