नक्कल द्यावी कीं अस्सल दाखवावें?

वर्धा जिल्ह्यांत आर्वीस म्हणा वा हिंगणघाटास म्हणा, शेत घेऊं इच्छिणारा गृहस्थ प्रथम सात-बाराची नक्कल मागतो. त्या कागदावर त्यानें घरीं कितीही खाडाखोड केली, तरी सरकारी दप्तरांतील एक अक्षरही बदलत नाहीं. तेथें फेरफाराची नोंदच व्हावी लागते. आमच्या वाचकांचीं मुलें हल्लीं संगणकाच्या ज्या भाषा शिकतात, त्यांतही हाच प्रश्न पदोपदीं उभा राहतो.

संगणकाचा प्रोग्राम लहान लहान फंक्शनांचा बनतो. एका फंक्शननें दुसऱ्यास काम सांगतांना जी माहिती हातीं द्यावयाची, ती घेणारें स्थान म्हणजे पॅरामीटर. तेथें नक्कल द्यावी कीं अस्सल? सी भाषा आंकड्याची नक्कल देते. जुन्या फोर्ट्रानमध्यें बहुधा अस्सलच दिलें जाई. त्यामुळें फंक्शननें हातीं आलेल्या 4 या अंकावर 5 लिहिला, तर कांहीं यंत्रांवर पुढें सर्वत्र 4 म्हणजे 5 असा अनर्थ होई!

नक्कल निर्धोक खरी. पण साऱ्या जिल्ह्याच्या दप्तराएवढी यादी दर वेळीं उतरून काढणें खर्चाचें. म्हणून सी++ भाषेंत तिसरा मार्ग आहे: अस्सलच दाखवावें, परंतु केवळ वाचनार्थ.

येथेंच पुष्कळांची फसगत होते. वाचणाऱ्यास लिहितां येत नाहीं, म्हणजे मजकूर स्थिर आहे असें नव्हे. तीन शेतांचा कापूस 8, 16 व 24 क्विंटल आहे. प्रत्येक आंकड्यास पहिल्यानें भागावयाचें आहे. फंक्शनला पहिला आंकडा वाचनार्थ दिला आणि उत्तरें त्याच यादींत लिहविलीं. 8 ला 8 नें भागतांच पहिल्या जागीं 1 आला, आणि वाचनार्थ दिलेली जागा तीच असल्यानें पुढील भागाकार 1 नेंच झाले. 1, 2, 3 यावयाचे ते 1, 16, 24 आले. यंत्र कांहीं तक्रार करीत नाहीं. नक्कल दिली असती तर हें घडतें ना. मात्र नक्कल शिळी होते, हें जुन्या सात-बारावर विसंबून पैसे मोजणारास निराळें सांगावयास नको.

1983 च्या अ‍ॅडा भाषेनें मोठ्या यादीची नक्कल द्यावी कीं अस्सल, हें कंपायलर रचणारावर सोडलें, आणि त्या निवडीवर ज्याचें उत्तर अवलंबून असेल तो प्रोग्रामच सदोष ठरविला. आम्हांस हा न्याय कांहींसा एकतर्फी वाटतो. 2015 सालीं पहिली स्थिर आवृत्ति निघालेली रस्ट भाषा अधिक कडक आहे: एखादी वस्तु कोणाकडे वाचनार्थ आहे तोंवर दुसऱ्यानें तींत लिहूं पाहिलें, तर ती प्रोग्राम चालूंच देत नाहीं. महसुली दप्तरांत हा नियम लावला, तर फेरफाराच्या नोंदी वर्षानुवर्षें खोळंबतील, ही गोष्ट वेगळी.