खावटीचा आकडा आणि बापाचा जबाब

आमच्या सावली तालुक्यात कुठल्याही रकमेची किंमत धानात मोजली की ती नीट कळते. खावटीची, म्हणजे पोटगीचीही, तशीच मोजून पाहू. १९८०-८१ च्या हंगामात साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला १०५ रुपये होता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली न्यायदंडाधिकाऱ्याला तेव्हा महिन्याला जास्तीत जास्त ५०० रुपये खावटी देता येत होती, म्हणजे पावणेपाच क्विंटल धान. वीस वर्षांनी, २०००-०१ मध्ये, हमीभाव ५१० वर गेला, तरी केंद्राच्या कायद्यातली मर्यादा पाचशेवरच बसून होती. त्या मर्यादेतली महिन्याची सगळ्यात मोठी खावटी आता एका क्विंटललाही पुरेना.

हे कुणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. विधी आयोगाने १९८९ च्या १३२व्या अहवालात हा प्रश्न मांडला होता. महाराष्ट्राने १९९९ मध्ये आपल्यापुरती दुरुस्ती करून मर्यादा दीड हजारावर नेली. केंद्राने सप्टेंबर २००१ मध्ये ती काढूनच टाकली आणि त्याच दुरुस्तीत अंतरिम खावटीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असेही लिहिले. ते साठ दिवस कागदावर किती छान दिसतात, हे तालुक्याच्या कोर्टात तारखा घेत उभे राहिलेल्याला विचारावे.

आकड्याची ही गोष्ट सगळेच सांगतात. मला मागे वळून पाहायचे आहे ते दुसऱ्या बाजूच्या कागदाकडे: मूल आईजवळ आहे, खावटीचा हुकूम जुना झाला आहे, आईने वाढ मागितली आहे आणि बापाच्या हातात नोटीस पडली आहे. त्या नोटिशीला बाप काय लिहून देतो? या पन्नास वर्षांत कायद्यापेक्षा तो जबाब जास्त बदलायला हवा होता. बदलला तो फार उशिरा, आणि तोही कोर्टाने छापील नमुना पुढे केल्यावर.

जुना जबाब कुणाही वकिलाच्या कारकुनाला तोंडपाठ असायचा. अर्जातला मजकूर खोटा व नाकबूल. ती आपल्या मर्जीने माहेरी गेली, आणायला गेलो तर आली नाही. शिवणकाम करून स्वतः कमावते. जाबदार हातमजुरी करतो, म्हाताऱ्या आईबापांचा भार त्याच्यावर आहे, सबब अर्ज खारीज व्हावा. दोन पानांत मुलाचे नाव एकदाच यायचे, तेही मथळ्यात. याचे कारण कलमातच होते. पोटकलम ४ म्हणते की बायको योग्य कारणाशिवाय नवऱ्याकडे राहायला नकार देत असेल तर तिला खावटी नाही. मग सगळा जोर त्यावर. पण ते पोटकलम फक्त बायकोपुरते आहे. आई नांदली की नाही यावर मुलाची खावटी कधीच ठरत नव्हती, आजही ठरत नाही. म्हणजे मुलाच्या रकमेपुरते पाहिले तर त्या दोन पानांतले दीड पान वाया जायचे. पाचशेची मर्यादा बायको-मुलांना मिळून की प्रत्येकाला वेगळी, हा वादही १९७८ मध्ये रमेशचंदर कौशल यांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मिटवला: प्रत्येकाला वेगळी. तेव्हापासून मुलाचा हिशेब आईच्या हिशेबापासून सुटा धरायला हरकत नव्हती.

फेरविचाराचे कलम वेगळे आहे, जुन्या संहितेतले १२७. परिस्थिती बदलली असे दाखवले तर दंडाधिकारी रक्कम कमीजास्त करू शकतो, वाढवू शकतो तसा घटवूही शकतो. लोक हे विसरतात. आईने वाढीचा अर्ज केला म्हणजे बाप हरलाच, असे नसते. बापाचे काम सुटले, हातपाय मोडले, मूल त्याच्याकडे राहायला आले किंवा सज्ञान झाले, तर हेच कलम त्याच्याही उपयोगाचे. पण काळ मात्र आईच्या बाजूने बोलतो. २०१३-१४ मध्ये धानाचा हमीभाव १३१० होता. तेव्हा पोराला दीड हजार बांधून दिले असतील तर ते क्विंटलभर धान आणि वर थोडे होते. २०२४-२५ मध्ये हमीभाव २३०० झाला, आणि तेच दीड हजार पासष्ट किलोंवर आले. दरम्यान ते पोर अंगणवाडीतून दहावीत गेले. 'परिस्थितीत काहीही बदल नाही' असे लिहिणाऱ्या जबाबाला यानंतर काय अर्थ उरतो?

जबाबाची तऱ्हा बदलायला लावणारा खटला आपल्या विदर्भातलाच. मुलाच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी २०१३ मध्ये, बायको घर सोडून गेली आणि सप्टेंबरमध्ये तिने अंतरिम खावटीचा अर्ज केला. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये तिला दरमहा १५,००० रुपये दिले. मुलाला आधी ५,००० आणि १ सप्टेंबर २०१५ पासून १०,०००. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, २०१८ मध्ये तिथे हरला, मग दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेला. ४ नोव्हेंबर २०२० रोजी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि सुभाष रेड्डी यांच्या पीठाने निकाल दिला, तोवर अंतरिम खावटीच सात वर्षांची झाली होती. रजनेश विरुद्ध नेहा या नावाने तो निकाल आता देशभर सांगितला जातो. थकबाकी बारा आठवड्यांत भरण्याचा हुकूम झाला, पण त्याहून मोठी गोष्ट पुढची: दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देणी सांगणारे शपथपत्र द्यायचे. जबाब आणि शपथपत्र चार आठवड्यांच्या आत, दोनपेक्षा जास्त तारखा नाहीत, मुद्दाम टाळाटाळ केली तर बचावच काढून टाकता येईल. आधीच्या हुकमात बदल हवा असेल तर ज्या प्रकरणात तो झाला त्याच प्रकरणात मागायचा. आणि एका कायद्याखाली मिळालेली रक्कम दुसऱ्या कायद्याखालच्या रकमेत जमेस धरायची. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात एक आकडा आणि १२५ मध्ये दुसरा, अशा कात्रीत सापडलेल्या बापांना हे शेवटचे वाक्य फार कामाचे आहे, पण जबाबात ते फारसे दिसत नाही.

शपथपत्राचे नमुने तीन आहेत. पहिला शहरी नोकरदार-व्यावसायिकांसाठी, तिसरा मेघालयासाठी, आणि दुसरा शेतीवाल्यांसाठी. सावलीच्या बापाला हाच लागतो. तो जरा जवळून पाहू.

समजा व्याहाडकडचा एक जण आहे. मूल आईबरोबर वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीला. पहिला रकाना विचारतो: गावाकडची एकूण जमीन किती, किंवा तीत तुमचा नेमका हिस्सा किती. इथेच पेन थांबते. सातबारा अजून आजोबांच्या नावे, वर तीन काका आणि दोन आत्या, वाटणी तोंडी. 'माझ्या नावे जमीन नाही' हे खरे असते आणि तरी ते उत्तर नसते, कारण रकाना हिस्सा विचारतो, नाव नाही. पुढे: जमीन ओलिताची की कोरडवाहू? आसोलामेंढा तलावाच्या किंवा गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखालची बांधी असेल तर सोपे. मामा (माजी मालगुजारी) तलावाखालची असेल तर तलाव भरला त्या वर्षी ओलित, नाही भरला त्या वर्षी देवाच्या भरवशावर. सरळ तसेच लिहावे. मग मागच्या तीन वर्षांचे उत्पन्न. तीन वर्षे विचारतात हे धान उत्पादकासाठी बरे आहे, कारण एखाद्या वर्षी तुडतुडा बसतो, एखाद्या वर्षी कापणीच्या तोंडावर पाऊस येतो. खरेदी केंद्रावरची पावती, चुकारा जमा झाल्याची पासबुकातली नोंद आणि बोनस मिळाला असेल तर तोही, हे तीन कागद जोडले की वाद अर्धा संपतो. उरलेला अर्धा खर्चाच्या बाजूचा: रोवणीची मजुरी, खत, सोसायटीचे पीककर्ज. कर्जासाठी वेगळा रकाना आहेच.

त्यानंतर बटईने घेतलेल्या जमिनीचा प्रश्न. नमुन्यातच म्हटले आहे की तुमच्या भागात त्याला जे म्हणत असतील ते लिहा. आपल्याकडे मक्ता, ठेका. ठेका कागदावर नसतो म्हणून तो दाखवायचा नाही, असा सल्ला गावात हमखास मिळतो. उलटतपासणीत मात्र शेजारचा बांधीवाला सगळे सांगून जातो. पुढे जनावरे: म्हशी, गाई, शेळ्या, कोंबड्या, मासळी, अगदी मधमाश्यासुद्धा. दिल्लीत बसलेल्या न्यायालयाने बापाला शेळ्या किती आहेत हे विचारावे, यात काहींना गंमत वाटते. मला हा त्या निकालातला सगळ्यात समजूतदार भाग वाटतो. पगाराची स्लिप नसलेल्या माणसालाही उत्पन्न असते आणि ते हंगामाहंगामाने येते, हे पहिल्यांदा कुणीतरी मान्य केले.

सावलीला असा हिशेब तसा नवीन नाही. १९३६ मध्ये गांधी सेवा संघाचे अधिवेशन इथे भरले होते आणि गांधीजी आले होते. सावली तेव्हा खादीचे नावाजलेले केंद्र. त्याच्या आदल्या वर्षी चरखा संघाने ठरवले होते की सूत कातणारीला आठ तासांच्या कामाचे इतके मिळावे, की त्यातून शास्त्रशुद्ध मापाचे किमान अन्न आणि वर्षाला वीस वार कापड भागेल. बाजारात काय दर चालतो हे न विचारता पोटाला काय लागते हे आधी विचारायचे, अशी ती रीत. मुलाच्या खावटीत सर्वोच्च न्यायालयाने अन्न, कपडा, निवारा, औषधपाणी आणि शिक्षण ही यादी दिली, तिचीही सुरुवात पोटापासूनच होते. फक्त पुढे ते म्हणते की आईचीही पुरेशी कमाई असेल तर शिक्षणाचा खर्च दोघांत प्रमाणात वाटता येईल. जबाबात लिहिण्याजोगा मुद्दा तो आहे, 'ती शिवणकाम करते' हा नव्हे. किती मिळते ते दाखवावे लागते.

नोकरदारांचे वेगळे. मास्तर, वनरक्षक, ग्रामसेवक यांच्यात २०१७ पासून 'पंचवीस टक्के' हा मंत्र चालू आहे. तो आला कल्याण डे चौधरी यांच्या खटल्यातून, आणि तो खटला फेरविचाराचाच होता. पश्चिम बंगालमधल्या त्या प्रकरणात उच्च न्यायालयाने रक्कम १६,००० वरून २३,००० केली होती. सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याचा दुसरा संसार आणि त्यातले मूल लक्षात घेऊन ती २०,००० वर आणली. हातात पडणाऱ्या पगाराचा चौथा भाग हा तिथला अंदाज होता, सगळ्यांसाठीचा कायदा नव्हे. प्राप्तिकर, भविष्य निधी अशा सक्तीच्या कपाती कोर्ट सहसा मान्य करते. मोटारसायकलचा हप्ता दाखवून पगार उणा करायला गेले तर ते ऐकत नाही.

सगळ्यात वाईट फसगत होते ती जबाबच न देणाऱ्याची. धानाची मळणी आटोपली की आपल्या भागातली माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात, जानेवारीपासून उन्हाळा लागेपर्यंत. नोटीस घरी येते, म्हातारा बाप सही करतो आणि कागद फडताळात ठेवतो. माणूस मुद्दाम टाळतो असे दंडाधिकाऱ्याला वाटले तर प्रकरण एकतर्फी चालते. तो हुकूम रद्द करून घ्यायला कलमाच्या शब्दांत हुकमाच्या तारखेपासून तीन महिने असतात. मिरचीचा हंगामही साधारण तेवढाच. माणूस परत येतो तेव्हा मुदत सरलेली आणि वसुलीचा अर्ज लागलेला. न भरलेल्या दर महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि आत जाऊन आल्याने पैसे फिटत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने कुलदीप कौर यांच्या खटल्यात १९८८ मध्येच सांगून ठेवले आहे. 'महिनाभर बसून येतो, पण देत नाही' ही फुशारकी चहाच्या टपरीवर आजही ऐकू येते. तिला काही आधार नाही. 'मला कामच नाही' याचेही तसेच: अंगात ताकद असलेल्या माणसाने मजुरी करून का होईना कमवावे, असे २०२२ मध्ये अंजू गर्ग यांच्या खटल्यात पुन्हा बजावले गेले. काम नसल्याचे सांगणाऱ्याला मग रोजीच्या दराने धरतात. २०२४-२५ मध्ये राज्यात रोजगार हमीची रोजी २९७ रुपये होती. त्यापेक्षा तेलंगणातल्या मुकादमाकडचा खरा हिशेब दाखवणे पुष्कळदा बापाच्याच फायद्याचे असते, कारण वर्षात कामाचे महिने किती हे त्यातूनच दिसते.

१ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडे बदलले. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १२५ चे १४४ झाले, १२७ चे १४६. मजकूर बहुतेक तोच. आई अजूनही ती राहते तिथे अर्ज करू शकते, म्हणून व्याहाडच्या बापाला नदी ओलांडून गडचिरोलीच्या कोर्टात जावे लागते. १९८२ पर्यंत नदीचे हे दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते.

शेतीच्या नमुन्यात अगदी शेवटी एक मोकळा रकाना आहे, 'इतर काही सांगण्यासारखे'. तिथे बाप हमखास लिहितात की मला पोराला भेटू देत नाहीत. लिहायला हरकत नाही, आणि ते दुखणे खोटेही नसते. पण भेट होत नाही म्हणून खावटी कमी होत नाही, जशी खावटी थकली म्हणून भेट आपोआप बंद होत नाही. भेटीसाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली वेगळा अर्ज लागतो, आणि तो मूल जिथे राहते तिथल्या जिल्हा न्यायालयात. ज्या वकिलाकडे जबाब लिहून घ्यायला गेलात त्यालाच त्या दिवशी तोही लिहायला सांगावा. दोन्हीच्या तारखा एका दिवशी मागितल्या तर गाडीभाडे आणि एक रोजी वाचते.