त्यालाही मंडळात घ्या ना!

मैत्रिणींनो, गणपती जवळ आले की आमच्या शिरोळात संध्याकाळी ढोल-ताशांचा सराव सुरू होतो. दोन वर्षांपूर्वी त्या आवाजानं शेजारच्या वहिनींचा सतरा वर्षांचा मुलगा कानांवर हात घेऊन मोरीत जाऊन बसायचा. पण ढोल थांबले की हाच खिडकीशी उभा राहून मंडळाच्या पोरांकडे बघत राही. त्याला स्वमग्नता आहे.

"विचारून पाहिलं हो मी," वहिनी म्हणाल्या. "'काकू, त्याला जमायचं नाही' म्हणाली पोरं. शाळा होती तोवर ठीक होतं. आता दिवसभर यानं करायचं काय?"

खरंच होतं त्यांचं. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा झाला, त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आले. स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमताही आली. निदान 40 टक्के अपंगत्व असेल तर वयाच्या 18 व्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. पण मित्र कोणत्या कायद्यानं मिळायचे? ते गल्लीतच मिळायला हवेत.

मी अर्धवेळ शिक्षिका. मंडळातली चार-पाच पोरं माझ्याच वर्गातली. त्यांना चहाला बोलावलं नि सांगितलं, "बाबांनो, तो हट्टी नाही. तुम्हाला जो आवाज गोड लागतो, तो त्याला खरोखर सोसत नाही. ढोल राहू दे. प्रसादाच्या पुड्या बांधायचं काम द्या. रोज तेच काम, त्याच वेळी."

पुड्या मोजण्यात त्याची एकदाही चूक झाली नाही! सगळं सुरळीतच झालं असं मात्र नाही हं. एके दिवशी आरतीची वेळ अचानक बदलली आणि तो ओरडत रस्त्यावरच बसला. पोरं घाबरली. मग त्यांच्यातला एकजण काही न बोलता त्याच्याजवळ बसून राहिला. दहा मिनिटांनी दोघे उठून आले.

बाहेरच्या जगातही हे चालतं. 1968 साली शिकागोत सुरू झालेल्या स्पेशल ऑलिंपिक्समध्ये आता बौद्धिक अक्षमता असलेली आणि नसलेली मुलं एकाच संघातून खेळतात.

तुमच्या गल्लीत असं मूल असेल, तर मंडळाला एवढं सांगून बघा:

एका वेळी एकच सूचना द्या. वेळ किंवा बेत बदलणार असेल तर आधी सांगा. गोंगाटापासून दूर बसायला एक जागा ठेवा. सोबतीला एक ठरलेला मित्र द्या. वाचताना अडखळणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर वर्गणीची यादी वाचायला लावू नका, त्याला सजावटीत घ्या. ज्याचा पाय एका जागी ठरत नाही, त्याला खुर्च्या मांडू द्या, निरोप पोचवू द्या.

आणि त्याच्या आईलाही हळदीकुंकवाला बोलवा, मुलासकट. घरी ठेवून ये म्हणू नका.

यंदा मंडळाची पोरं स्वतःच वहिनींच्या दारात आली होती. "काकू, याला पाठवा. पुड्या आमच्याकडून चुकतात."