चौथीनंतरची शाळा

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पुष्कळ लहान गावांत, पोडांत आणि तांड्यांत शाळा चौथी-पाचवीपर्यंतच असते. पुढं शिकायचं तर मोठ्या गावी जावं लागतं. तिथंही शाळा सातवीपर्यंतच असली, तर तीन वर्षांनी पुन्हा दाखला काढा, पुन्हा नवी शाळा गाठा. काही ठिकाणी मात्र पहिली ते दहावी एकच शाळा असते. मग लेकराला बरं काय? एक शाळा की दोन-तीन?

शाळा बदलते तेव्हा काय होतं ते आधी पाहू.

गावच्या शाळेत एकच गुरुजी सगळे विषय शिकवतात. कोणाला वाचताना अडखळायला होतं, कोणाची आई आजारी आहे, कोण उपाशी आलं, हे त्यांना ठाऊक असतं. मोठ्या शाळेत तासाला घंटा होते आणि गुरुजी बदलतात. एकेका वर्गात पन्नास पोरं. त्यांतलं आपलं कोणतं कच्चं आहे, हे नव्या गुरुजींना कळायला दिवाळी उजाडते. तोवर पुस्तक निम्मं झालेलं असतं.

त्यात आपल्याकडं शाळा उघडते ती जूनच्या अखेरीस, ऐन पेरणीच्या दिवसांत. बाप वावरात, आई वावरात. नव्या शाळेत पोराबरोबर जायला घरी कोणी मोकळं नसतं. कोलामाचं पोर घरी कोलामी बोलतं. गावच्या शाळेत ते हळूहळू मराठी शिकलेलं असतं. नव्या वर्गात त्याच्या बोलण्याला कोणी हसलं की ते गप्प बसतं. गप्प बसणारं पोर मठ्ठ नसतं, पण पुष्कळदा तसं समजलं जातं. मुलीचं तर आणखी अवघड. वाट लांब, सोबत नाही. मग कापूस वेचायचे दिवस आले की ती आईबरोबर जाते, आणि शाळा सुटते ती सुटतेच.

हे केवळ आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातल्या शाळांची तपासणी दोन अभ्यासकांनी केली. ती २०१० साली छापून आली. काही पोरं आठवीपर्यंत एकाच शाळेत राहिली होती, काहींनी मध्येच शाळा बदलली होती. बदलणाऱ्यांचे गुण बदलल्याच्या वर्षी घसरले आणि पुढंही मागंच राहिले. त्यांची गैरहजेरीही वाढली. तिथं रस्ते आहेत, मोटारी आहेत, तरी ही गत!

सलग शाळेचा विचार आपल्या शेजारीच, वर्ध्याला, झाला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथं गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. नंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात वर्षांचं सलग शिक्षण सुचवलं.

तर मग सगळीकडं पहिली ते दहावी एकच शाळा करावी का? इथं जरा थांबलं पाहिजे.

आश्रमशाळा पाहा. तिथं बहुधा दहावीपर्यंत शाळा बदलावी लागत नाही. जेवण, राहणं तिथंच. ज्या पोडाजवळ हायस्कूल नाही, तिथल्या पोरांना तिचा मोठा आधार आहे. पण सहा वर्षांचं लेकरू पहिलीलाच आईपासून दूर जातं. दहा वर्षांचं पोर एखाद्या बदलाला तोंड देऊ शकतं. सहा वर्षांचं रात्री रडतं. शाळा एकदाही बदलली नाही, पण घर सुटलं! शिवाय सहा वर्षांची आणि सोळा वर्षांची पोरं एकाच आवारात असतात. पाण्याच्या नळावर, मैदानावर मोठ्यांचं चालतं. लहानांची वेगळी जागा आणि त्यांच्याकडं पाहणारं वेगळं माणूस नसेल, तर एक शाळा असून काय उपयोग?

आमचं मत असं की लहान इयत्ता घराजवळच असाव्यात. त्यापुढं मात्र पोराला एकदाच शाळा बदलावी लागावी, दोनदा नाही. कायद्यानंही अंतर ठरलेलं आहे. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. आपल्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं आहे. चौथीच्या शाळेला पाचवी आणि सातवीच्या शाळेला आठवी जोडायचं सरकारनं ठरवलं. काही गावांत वर्ग जोडले गेले, काही गावांत नाही.

आपल्या गावात नसेल, तर शाळेच्या व्यवस्थापन समितीत विचारा. या समितीत चारात तीन जण आईबापच असतात, आणि निम्म्या बाया असाव्या लागतात. ती काही केवळ सह्या करायची जागा नाही.

आणि शाळा बदलावीच लागली, तर एप्रिलातच एक दिवस काढा. तेव्हा वावरात काम कमी असतं आणि शाळाही चालू असते. पोराला बरोबर न्या. वर्ग, पाण्याची जागा, संडास दाखवा. नव्या गुरुजींना सांगा, याला भागाकार येत नाही, किंवा ही घरी गोरमाटी बोलते. एकाच गावची दोन-तीन पोरं असली तर त्यांना एकाच वर्गात बसवायची विनंती करा. मुलीला एस.टी.चा मोफत पास मिळतो, तो शाळेतूनच मागा. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी तेवढ्यावरून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही. कोणी परत पाठवलं तर हेडमास्तरांना हे सांगा, आणि पोराला त्याच दिवशी वर्गात बसवून या.