एबीएसची लाइट लागते तेव्हा : एका ऑटो इलेक्ट्रिशियनचा दिवस

सकाळी 8.30
गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस चिपळुणातल्या गॅरेजवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. घाटात शिरण्याआधी प्रत्येकाला ब्रेक तपासून हवे असतात, आणि पावसाने वायरिंगची सगळी दुखणी वर काढलेली असतात. त्यातही एबीएसची, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या ब्रेक-यंत्रणेची, पिवळी लाइट लागलेल्या गाड्या अलीकडे पुष्कळ येतात. 1 एप्रिल 2019 पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचे झाले. त्या गाड्यांनी आता कोकणातले बरेच पावसाळे सोसले आहेत.

स्कॅनर लावण्याआधी मी बॅटरी मोजतो. पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. ती बरीच खाली असेल तर आधी चार्जिंग, कारण व्होल्टेज पडले की मोड्यूल, म्हणजे एबीएस चालवणारा छोटा संगणक, मुळात नसलेल्या बिघाडांचेही कोड टाकतो.

9.30
पहिली गाडी अर्धवट दुरुस्त होऊन आलेली. कोड सी0045, म्हणजे मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर. दुसरीकडे सेन्सर नवा बसवला होता. लाइट दोन दिवसांत परत लागली.

“दादा, सेन्सर नवा आहे, मग मोड्यूलच गेला असणार,” हेल्पर म्हणाला.

“आधी मोजू, मग बोलू.”

कोड फक्त कुठल्या सर्किटमध्ये गडबड आहे ते सांगतो. सेन्सर, कपलर, वायर, बेअरिंगमधली चुंबकी रिंग आणि मोड्यूल हे सगळे त्या एका सर्किटमध्ये येतात. म्हणून स्कॅनरवर चारही चाकांचा वेग लावून आम्ही गाडी फिरवून आणली. तीन चाके 25 दाखवत होती; डावे मागचे खड्ड्यात आदळले की शून्यावर जाऊन परत वर येत होते. सेन्सर मेला असता तर आकडा असा येत-जात राहिला नसता. संशय वायरवर.

10.30
गाडी जॅकवर. हा सेन्सर दोन वायरींचा, ॲक्टिव्ह प्रकारचा. त्याला मोड्यूलकडून वीज मिळते आणि चाक फिरताना तो साधारण 7 आणि 14 मिलिअँपिअर असा करंट आलटून-पालटून ओढतो. त्याला ओहमवर मोजण्यात अर्थ नाही. जुन्या, गुंडाळीच्या सेन्सरची गोष्ट वेगळी : त्याचा रेझिस्टन्स मोजता येतो, आणि चाक हाताने फिरवले की तो थोडे एसी व्होल्टेजही देतो.

मोजण्याआधी कोड पुसून इग्निशन बंद-चालू केले. बिघाड पकडला की बरेच मोड्यूल त्या सेन्सरचा पुरवठाच तोडतात, आणि मग चांगली वायरही मेलेली वाटते. कपलर काढून मोजले तर जवळपास पूर्ण बॅटरी व्होल्टेज. इथेच माणूस फसतो. कपलर परत लावून मागच्या बाजूने बारीक पिन घालून मोजले, तेव्हा आकडा 7 वर आला. उजव्या चाकाला त्याच जागी 11 च्या वर. करंट वाहू लागला की व्होल्टेज पडते, म्हणजे वाटेत कुठेतरी रेझिस्टन्स आहे.

वायर बोटांनी चाचपत गेलो. चाकाच्या कमानीतून ती बॉडीत शिरते त्या रबरी ग्रोमेटपाशी इन्सुलेशन जरा मऊ लागले. ब्लेडने उभे चिरले, तर आत तांब्याच्या तारांचा हिरवा भुगा, आणि दोन-तीन तारांवर सगळा कारभार. तांबे लखलखीत दिसेपर्यंत वायर मागे कापली, नवा तुकडा सोल्डर केला, आतून गोंद असलेली स्लीव्ह गरम करून बसवली आणि दोन्ही वायरींचा पीळ होता तसाच ठेवला. तो पीळ बाहेरच्या विद्युत गोंगाटापासून सिग्नल वाचवतो. आकडा उजव्या चाकाइतका झाला. खर्च वायरच्या तुकड्याचा. मोड्यूल बदलला असता तर गिऱ्हाइकाचे हजारो रुपये पाण्यात गेले असते.

दुपारी 1
डबा.

2
दुसऱ्या गाडीचे पुढचे बेअरिंग नुकतेच बदललेले, आणि तेव्हापासून लाइट. त्या चाकाचा वेग कायम शून्य. आजच्या बऱ्याच बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकी रिंग असते आणि ती बाजू सेन्सरकडे यावी लागते. चुंबक दाखवणारे कार्ड सेन्सरच्या बाजूच्या सीलवर धरले : पट्टे उमटलेच नाहीत. बेअरिंग उलटे बसले होते. दाबून काढलेले बेअरिंग परत वापरू नये, म्हणून नवे मागवले.

4
तिसऱ्या गाडीत स्कॅनर एबीएसशी बोलतच नव्हता. इंजिनच्या मोड्यूलमध्ये कोड यू0121, म्हणजे एबीएसच्या मोड्यूलशी संपर्क तुटलेला. बॅटरी काढून, स्कॅनर लावतो त्या ओबीडी सॉकेटच्या 6 आणि 14 नंबरच्या पिनांमध्ये मोजले : 60 ओहम, म्हणजे मोड्यूल एकमेकांशी जिच्यावरून बोलतात ती कॅन लाइन ठीक. फ्यूज ठीक. बॅटरी जोडून मोड्यूलचा कपलर काढला आणि पुरवठा व अर्थिंग यांच्यामध्ये हेडलाइटचा 55 वॉटचा बल्ब लावला. तो मिणमिणला. मीटरने मात्र हीच अर्थ चांगली म्हणून सांगितली होती, कारण मीटर नावापुरताच करंट सोडतो. बॅटरीखालचा अर्थचा बोल्ट गंजला होता. घासून, घट्ट करून बल्ब परत लावला, लख्ख पेटला.

संध्याकाळी 6
एक काका आले. “लाइट तेवढी बंद करून द्या, ब्रेक तर लागतायत.”

ब्रेक लागतात हे खरे. पण ओल्या घाटात जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम झाली, तर स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाते. एबीएस त्या क्षणी प्रेशर सेकंदाला अनेकदा सोडते-धरते, म्हणून गाडी वळवता येते. लाइट कापायचे काम मी घेत नाही. काकांना तसे सांगितले आणि उद्या सकाळची वेळ दिली.

7
मोकळ्या रस्त्यावर पहिल्या गाडीची ट्रायल. 40 च्या वेगाने जोरात ब्रेक. पायाखाली पेडल थरथरले, गाडी सरळ थांबली, लाइट आली नाही.

गावी निघण्याआधी तुम्हीही एवढे करा. इग्निशन चालू केल्यावर एबीएसची लाइट पेटून काही सेकंदांत विझली पाहिजे. विझली नाही, तर बिघाड आहे. मुळीच पेटली नाही, तरी गाडी दाखवा; कोणीतरी ती कापलेली असू शकते. तिच्यासोबत ब्रेकची लाल लाइटही असेल, तर गाडी पुढे नेऊ नका. आणि पार्ट बदलायला सांगणाऱ्याला विचारा : मोजून पाहिलेत का?