बंद डब्यातला भरवसा

जहाजाच्या कठड्याजवळ पांढरा, पिंपासारखा फायबरचा डबा आडवा ठेवलेला असतो. खलाशी रोज त्याच्या शेजारून ये-जा करतात, पण आत काय आहे ते त्यांना दिसत नाही आणि उघडून पाहण्याची सोयही नाही. आत घडी घालून ठेवलेला असतो फुगवायचा तराफा, म्हणजे लाइफ राफ्ट. जहाज बुडू लागलं की तो एका मिनिटाच्या आत फुगला पाहिजे. तो फुगेल की नाही, हे ठरतं किनाऱ्यावरच्या एका कार्यशाळेत, वर्षातून एकदा.

‘सोलास’ या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे तराफ्याची तपासणी दर 12 महिन्यांनी व्हावी लागते. अगदीच जमत नसेल तर 17 महिन्यांपर्यंत मुभा असते. ती करणाऱ्या कार्यशाळेला सरकारी मान्यता लागते. आपल्याकडे ती नौवहन महासंचालनालय देतं.

डबा उघडून तराफा स्वच्छ जमिनीवर पसरतात आणि साध्या कोरड्या हवेने फुगवतात. मग तासभर थांबायचं. दाब 5 टक्क्यांहून जास्त उतरता कामा नये. हे थांबणंच खरं कौशल्याचं. दुपारी शेड तापली की आतली हवा फुगते आणि बारीक गळती झाकली जाते. म्हणून दाबाबरोबर तापमानही लिहून ठेवावं लागतं. दहा वर्षं उलटलेल्या तराफ्याची परीक्षा आणखी कडक असते. जादा दाब सोडणाऱ्या झडपा बंद करून दाब नेहमीपेक्षा बराच वाढवतात आणि कान देऊन ऐकतात, शिवण कुठे कुरकुरते का. तळाच्या जोडावरून 75 किलोंचा माणूस कडेकडेने पूर्ण फेरी मारतो. दर पाच वर्षांनी मात्र तराफा फुगवणाऱ्या सिलिंडरमधला खरा वायू सोडून पाहतात. एरवी सिलिंडर वजन करून तपासला जातो.

आतल्या सामानाच्या तारखाही तपासतात. खोल समुद्रातल्या तराफ्यात माणशी दीड लीटर पाणी, 10,000 किलोज्यूल ऊर्जेचा खाऊ, चार पॅराशूट रॉकेट, सहा हातमशाली, दोन धुराचे डबे, आरसा, शिट्टी आणि मासे पकडायचा गळही असतो. मुदत संपलेलं रॉकेट रात्री पेटलं नाही, तर शेजारून जाणाऱ्या जहाजाला तराफा दिसणारही नाही.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हातात मावणारी एक वस्तू, हायड्रोस्टॅटिक रिलीज. जहाज बुडून ती 4 मीटर खोलीपर्यंत जायच्या आत पाण्याच्या दाबाने तिचं पातं सुटतं आणि डब्याला बांधून ठेवणारी दोरी कापतं. डबा वर तरंगतो, बुडत्या जहाजाला जोडलेली लांब दोरी ताणली जाऊन तराफा फुगतो, आणि मग त्या दोरीतला मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा तुटतो. घाईत कोणी दोरी हा दुवा टाळून थेट जहाजाच्या लोखंडी कडीला बांधली, तर फुगलेला तराफा जहाजाबरोबर तळाला ओढला जाईल. कार्यशाळेतलं सगळं काम एका चुकीच्या गाठीने वाया जातं. ही दोरी बांधणाऱ्याला नीट शिकवणं हे मी तपासणीइतकंच पवित्र काम मानतो.

मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-305 ही बार्ज बुडाली. तिच्यावर 261 माणसं होती. 70हून अधिक दगावली. अनेक तराफे फाटके, निकामी निघाले, असं बचावलेल्यांपैकी काहींनी सांगितलं. नौदलाने त्या उसळत्या समुद्रातून शेकडो जीव वाचवले, म्हणून हा आकडा याहून वाढला नाही.

प्रत्येक डब्याच्या बाहेर शेवटच्या तपासणीची तारीख लिहिलेली असते. तुमच्या घरातलं कोणी जहाजावर किंवा बार्जवर कामाला असेल, तर पुढच्या फोनवर जेवणाखाणाबरोबर त्याला तीही विचारा.